पाठशाळेची भिंत आणि पुसलेली नावं

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात पाठशाळा भरत असे. तिथे श्रीपती नावाचा एक विद्यार्थी होता. गावोगावची नवी मुलं शिकायला येत, त्यांना इथलं काहीच ठाऊक नसे. म्हणून श्रीपती दर बाजाराच्या दिवशी पाठशाळेच्या भिंतीवर गेरूने त्यांच्या उपयोगाचं काहीबाही लिहून ठेवी. लेखणीला टोक कसं काढावं, पाठांतर कसं करावं, नदी कुठून ओलांडावी. मुलं घोळक्याने वाचत आणि म्हणत, "श्रीपतीला काय काय माहीत आहे!"

एकदा त्याचा सोबती हैबती भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला.

"पाठांतराची ही युक्ती तुला मी सांगितली होती," तो म्हणाला.

"पण शब्द तर माझे आहेत!"

"शब्द तुझे. आणि युक्ती?" एवढं बोलून हैबती निघून गेला.

श्रीपती गोंधळला. युक्ती हैबतीची, हे खरं. पण त्यानेही ती कुणाकडून ऐकलीच असेल ना? मग नाव घालायचं तरी कुणाचं? डोकं खाजवून खाजवून त्याने शेवटी सगळ्याच ओळींपुढे नावं घातली. 'सूर्य पूर्वेला उगवतो, असं माझी आई सांगते. तहान लागली की पाणी प्यावं, असं मामा म्हणतो.'

मुलं पोट धरधरून हसली. "अरे, तुझा मामा नसता तर आम्ही तहानलेलेच मेलो असतो की!"

श्रीपतीची कानशिलं तापली. नाव नाही घातलं तर एक रुसतो, घातलं तर सगळे हसतात! त्याने ओलं फडकं घेतलं आणि रागारागाने भिंतीवरची झाडून सगळी नावं पुसून टाकली.

पावसाळा आला. एके दिवशी एक नवा मुलगा ओलाचिंब होऊन धापा टाकत आला. "भिंतीवर लिहिलंय, देवळाखाली नदीला उतार आहे, तिथून पायी पलीकडे जाता येतं. आम्ही दोघं भाऊ निघालो, तर पाणी छातीला लागलं! मी कसाबसा परत फिरलो, पण धाकटा मधल्या खडकावर अडकलाय. हा उतार सांगितला कुणी? त्यालाच वाट ठाऊक असणार!"

श्रीपतीने तोंड उघडलं, पण नाव काही आठवेना. तो घाटावर धुणं धुणाऱ्या बाईकडे धावला. "मी नाही बाबा," ती म्हणाली. तो गुराख्याकडे धावला. "मी? मी तर पाण्याला भितो!" तिकडे पाणी चढत होतं. श्रीपतीला रडू फुटलं.

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून हैबती आला. "अरे वेड्या, मीच नव्हतं का सांगितलं? पण उन्हाळ्यातला उतार म्हणालो होतो! पावसाळ्यात वाळू सरकते, वाट वरच्या अंगाने जाते."

त्याने दोर घेतला, काठीने तळ चाचपत तो वरच्या अंगाने पाण्यात शिरला आणि थरथरणाऱ्या पोराला पाठीवर घेऊन काठाला आला.

श्रीपतीने मान खाली घातली. "तुझं नाव पुसलं आणि 'उन्हाळ्यात' हा शब्द तर मी लिहिलाच नव्हता. पण हैबती, मला अजून कळत नाही. नाव कुठे घालायचं आणि कुठे सोडायचं?"

हैबती दोर पिळत म्हणाला, "सूर्याचं कुणालाही विचार, तो तेच सांगेल; तिथे नाव नको. पण जे तुला कुणी एकाने सांगितलं, ते त्याच्या नावाने सांग. त्याने कुणाकडून ऐकलं, ते त्याचं तो सांगेल."

श्रीपतीला सगळंच उमगलं असं नाही. पण त्याच दिवशी त्याने गेरू कालवला आणि लिहिलं, 'देवळाखालचा उतार फक्त उन्हाळ्यात, असं हैबती सांगतो. पावसाळ्यात आधी त्याला विचारा.'

या वेळी कुणीही हसलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याकडून घेतलेलं ज्ञान त्याच्या नावासकट द्यावं. त्यात त्याचा मान राहतो आणि वाचणाऱ्याला खरंखोटं विचारायला माणूस सापडतो.