बंद इंजिनाची हवा

साताऱ्यात मॉडिफाय केलेल्या गाड्यांचा एक क्लब होता. अध्यक्ष शिंगट्यांनी फर्मान काढलं, ज्याचं इंजिन सर्वांत कमी हवा ओढेल, त्यानं क्लब सोडायचा. प्रत्येकाच्या गाडीत हवा मोजणारा आपापला मीटर होता; त्यावर शिंगट्यांचा आकडा सर्वांत मोठा आला, मालतीबाई धुमाळांचा सर्वांत छोटा. नवरा गेल्यापासून बाईंना बोलायला क्लबातली हीच माणसं होती.

"निघा आता," शिंगटे म्हणाले.

"निघते. फक्त तुमचं इंजिन बंद करून मीटर दाखवा."

इंजिन थांबलं, पण मीटर शून्यावर येईना. तेवढा आकडा वजा केला, तर अध्यक्षच तळाला!

"हे सुचलं कसं तुम्हाला?" शिंगटे पुटपुटले.

"रिकाम्या घरात राहते मी. कुणाच्या श्वासाचा भास झाला, की आधी बघते, तिथं कुणी आहे का."