मोरक्याची मुळी

फार वर्षांपूर्वी एका तेल्याच्या घाण्याचे दोन बैल, मोरक्या आणि चांद्या, म्हातारपणामुळे एकाच दिवशी कामातून सुटले. तेली मायाळू होता. काम थांबलं तरी पेंड पहिल्याइतकीच घालायचा. वर्षभरात दोघांची पोटं सुटली आणि उठताना गुडघे कापू लागले.

पुढच्या वर्षी मोरक्या पुन्हा सडपातळ झाला, आणि चांद्याच्या पोटात दुखू लागलं. "हा रोज टेकडीवर जातो. तिथं नक्की कसली तरी मुळी खातो, आणि मला सांगत नाही!"

तो लपतछपत मोरक्याच्या मागावर राहू लागला. मोरक्या टेकडी चढायचा, पलीकडच्या ओढ्यावर पाणी प्यायचा आणि घरी येऊन निम्मीच पेंड खायचा. जळफळाटामुळे चांद्यालाही घास गोड लागेना.

चार महिन्यांनी टेकडीच्या माथ्यावर चांद्या ओरडला, "पुरे झालं! कुठली मुळी खातोस ते सांग!"

मोरक्या म्हणाला, "अरे, धाप न लागता इथवर आलास की तू!"

चांद्या आपल्या पायांकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मुळी नाहीच?"

"आहे ना. पण ती रोज शोधावी लागते. उद्या माझ्या बरोबरीनं चल."