आतून लावलेली कडी

“…पण मग माझ्या गाण्यात खोटं काय आहे, बाई?”

केतकीने हे दुपारपासून पुन्हा पुन्हा विचारलं होतं. गजराबाई पानाला चुना लावत होत्या. चुना लावून झाला, कात लावून झाला, तरी उत्तर आलं नाही.

मी पेटी पुढ्यात घेऊन बसलो होतो. गजराबाईंच्या घरी पेटीवाल्याला वाजवण्यापेक्षा गप्प बसण्याचा सराव जास्त लागतो.

गजराबाई दहिवडीकर बैठकीची लावणी गायच्या. त्यात उठायचं नाही, नाचायचं नाही. मांडी घालून बसायचं आणि एकच ओळ अशी फिरवून फिरवून म्हणायची, की दर खेपेला तिचा अर्थ बदलावा. आता बाईंचे गुडघे गेलेत, आवाजही निम्मा उरलाय. तरी शिकायला येणाऱ्यांची वाट काही मोडली नाही.

केतकी पुण्याहून यायची. टीव्हीच्या स्पर्धेत तिचं नाव झालेलं. येत्या शनिवारी साताऱ्याच्या थिएटरात ती बाईंची गाजलेली लावणी म्हणणार होती. गावभर फलक लागले होते.

फक्त विडा मिळाला नव्हता.

बाईंच्या घरची ती रीत. बाईंनी स्वतःच्या हाताने विडा लावून दिल्याशिवाय त्यांची लावणी चारचौघांत म्हणायची नाही. आजवर ही रीत कुणी मोडलेली नाही, आणि मोडली असती तर बाईंनी काही केलंही नसतं. म्हणूनच मोडली नसावी.

“मी ती ओळ म्हणते तेव्हा लोक रडतात,” केतकी म्हणाली.

“रडू देत की.”

“परीक्षकसुद्धा रडले.”

“त्यांना तेवढ्याचसाठी बशिवलेलं असतंय.”

केतकीचा चेहरा उतरला. मला हसू आलं, ते मी पेटीच्या भात्यात दडवलं.

“गा,” बाई म्हणाल्या.

केतकीने डोळे मिटले.

*नका येऊ माझ्या दारी, राया, आतून कडी लावली…*

आवाज सुरेख होता, त्यात वाद नाही. ‘नका’वर तिने तो किंचित चिरला. जुन्या रेडिओवरच्या रेकॉर्डमध्ये बाईंचा आवाज जिथे चिरतो, बरोबर तिथेच. माझ्या अंगावर काटा आला.

“ही चीर कुठनं आनलीस?” बाईंनी विचारलं.

“तुमच्याच रेकॉर्डवरून. ती इतकी घोटलीय मी… त्या बाईचं सगळं दुःख त्या एका चिरेत आहे. लोकांनी लेख लिहिलेत त्यावर.”

“त्या दिशी घशात सुपारीचं खांड अडाकलं हुतं.”



केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्या जागेवर मीही आयुष्यभर पेटी हळू करत आलो होतो. भक्तिभावाने.

“सुपारीचं…?”

“खांड. चांगलं येवढं.” बाईंनी करंगळीचं नख दाखवलं.

“मग लोक का रडले?”

“मला काय ठावं? मी खोकला दाबत हुते.”

केतकीने वेगळ्या दाराने आत शिरायचं ठरवलं. हुशार मुलगी.

“ठीक आहे. चीर नाही. मग भाव असतो कशात? सूर ओढण्यात? शब्द दाबण्यात? थांबण्यात?”

बाईंनी पान गालात सरकवलं आणि बसल्या जागी ओळ म्हटली. चेहरा तसाच, हात मांडीवर. ‘नका’ खणखणीत आलं आणि ‘दारी’ लांबत गेलं. मी पुरुष आहे, मला भीती वाटली.

पुन्हा म्हटली. आता ‘नका’ घाईघाईने गिळलेलं, आणि ‘कडी’च्या आधी एक क्षण नुसता रिकामा. त्या रिकाम्या जागेत कुणीतरी दाराशी कान लावून उभं असल्यासारखं वाटलं.

पुन्हा म्हटली, तर ओळीत हसू होतं. कुठल्या अक्षरात होतं ते सांगता यायचं नाही. हसू मात्र होतं.

“कळलं,” केतकी म्हणाली. “‘नका’ आखूड घ्यायचं.”

“तसं न्हाई.”

“मग लांब?”

“तसंबी न्हाई.”

“मग कसं?”

बाईंनी अडकित्ता आणि सुपारी उचलली, भिंतीला धरून उठल्या. उठायला त्यांना फार वेळ लागतो. मदत केलेली खपत नाही. दाराबाहेर ओसरीवर गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या.

“दार लोटून घे,” त्या म्हणाल्या. “आता गा. बोलावलंस तर आत यीन. तवाच विडा.”

“पण बाई, ओळ तर ‘येऊ नका’ अशी आहे.”

“व्हय.”

“मग मी बोलावू कशी?”

बाहेरून अडकित्त्याचा आवाज आला. कट्.

केतकी गायली. आर्जव करून गायली. बाहेर कट्.

रागाने गायली. कट्.

कुजबुजल्यासारखं गायली, रडवेलं गायली, सुपारीची ती चीर देऊनही एकदा गायली. त्या वेळी बाहेरून खोकल्याचा आवाज आला. तो खरा होता की चेष्टा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

उन्हं ओसरीवरून खाली उतरली. माझी बोटं आखडली. केतकीचा आवाज बसत चालला, तशी ती थांबली आणि दोन्ही हातांनी कपाळ धरून बसली.

“मला नाही समजत,” ती म्हणाली. “खरंच नाही समजत. शनिवारी मी काय करू?”

मलाही समजत नव्हतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

लोटलेल्या दारामागून बाईंचा आवाज आला.

“तू कवा कुनाला म्हनलीस का गं, येऊ नको म्हनून?”

केतकीने मान वर केली. आधी ती ‘नाही’ म्हणणार होती. ओठ तसे झाले होते.

“…आईला.”

“कवा?”

“परवा. फोनवर.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. “आई पूर्वी संगीतबारीच्या फडात होती. पुढे एक बाई गायची, आणि मागे बसून आई तिची ओळ उचलून झील धरायची. पुण्यात हे कुणाला माहीत नाही. शनिवारी सातारचे जुने लोक येतील, तिला ओळखतील… मी म्हटलं, येऊ नकोस.”

“कसं म्हनलीस?”

“साधंच.”

“म्हन.”

“इथे?”

“म्हन.”

केतकी दाराकडे बघत राहिली. गाताना ती पाठ ताठ करून बसायची. आता तशी बसली नव्हती.

“आई… शनिवारी तू येऊ नकोस.”

एवढंच. आवाज कापला नाही, चिरला नाही. ‘तू’च्या पुढे ती जराशी अडली, भांडं पुढे करून हातातून न सोडणाऱ्या माणसासारखी. मग उरलेलं भराभर म्हणून टाकलं.

अडकित्ता थांबला होता.

बाहेर जमिनीवर तळहात टेकल्याचा आवाज झाला. मग एक कण्हणं. मग भिंत चाचपणं. पुन्हा कण्हणं. इतका वेळ लागला, की मी उठायला निघालो. तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि गजराबाई आत आल्या. चौकटीला धरून, मग माझ्या खांद्याला धरून, त्या केतकीच्या शेजारी येऊन बसल्या. अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

केतकी गोंधळली.

“तुम्ही का आलात?”

“बोलावलंस म्हनून.”

“मी तर येऊ नकोस म्हटलं.”

“व्हय.”

“आणि मी गात नव्हते.”

“न्हवतीस.”

“म्हणजे…” ती शब्द शोधत होती. “म्हणजे हेच गाण्यात आणायचं? शनिवारी ‘नका’ म्हणताना आई आठवायची, आणि असंच थोडं अडायचं?”

“आनलंस तर ती सुपारीच हुईल.”

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी परीक्षकांसमोर येतं तसलं नव्हतं. नाक लाल करणारं होतं.

“मग मी करू काय, बाई? आणायचं नाही, टाकायचं नाही, लांब नाही, आखूड नाही. काय उरतं मग?”

बाईंनी ते ऐकलंच नाही, किंवा ऐकून बाजूला ठेवलं.

“आई काय म्हनली?”

“बरं म्हणाली.”

“आनी?”

“मग विचारलं… जेवलीस का.”

गजराबाईंनाही लेक होती की नाही, एवढ्या वर्षांत मी विचारलेलं नाही. त्यांनी पानाचा डबा ओढला. पान निवडलं, शिरा काढल्या, चुना लावला, कात लावला. मघाशी कातरलेली सुपारी चिमटीत घेतली, तिच्याकडे जरा बघितलं आणि घातली. वर लवंग टोचली.

मी केतकीकडे पाहिलं. तिने डोळे पुसले, पदर सावरला आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही हात पुढे केले.

बाईंनी विडा ओल्या फडक्यात गुंडाळला, गाठ मारली आणि मग तिच्या ओंजळीत ठेवला.

“तुला न्हवं. तुझ्या आयेला दे.”

“आईला?”

“झील धरत हुती न्हवं? तिला कुनी दिला नसंल.”

केतकी ओंजळीतल्या पुरचुंडीकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. या खेपेला मी छताकडे बघितलं नाही.

“ती बार्शीला असते,” ती म्हणाली. “शनिवारी मी गायचं की नाही, बाई?”

“बापू, पेटी मीट,” बाई मला म्हणाल्या.

मी भाता दाबला, पेटी मिटली.

“बाई… गायचं की नाही?”

गजराबाई दोन्ही तळव्यांनी गुडघे चोळत होत्या.

“घरला जा. तुझी आय यील. आतनं कडी लावू नगंस. गुडघं दुखनारी मानसं हळू येत्यात.”