चाळीस बाजा आणि बसलेले महाराज

जलबागेत चाळीस बाजा होत्या आणि बसायला एकही जागा नव्हती!

चांदगिरीच्या उदयभान महाराजांनी ही बाग रयतेसाठी बांधली होती. कारंजी, दगडी घसरगुंडी, पोहायला तलाव, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर अंग टेकायला काठावर बाजा. पण उजाडताच आम्हा दरबाऱ्यांचे नोकर येऊन प्रत्येक बाजेवर मालकाचं उपरणं टाकून जात. मालक उगवायचे दुपारी. तोवर उपरणी आरामात पहुडलेली आणि रयत ओल्या अंगानं उभी!

यात सर्वांत पुढे कोण? मी, राज्याचा प्रधान. एका बाजेवर माझं उपरणं, दुसरीवर माझे जोडे आणि तिसरीवर पत्नीचा शेला. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण नोकराला तसं सांगायचं राहून गेलं होतं.

बागेची राखण गोजराकडे होती. तलावाच्या पायऱ्या तिच्या नवऱ्यानं घडवल्या होत्या. तो वारल्यावर ती तिथल्याच खोपटात राहून बाग झाडायची. एकदा तिनं सेनापतींचं उपरणं बाजूला सारून एका गरोदर बाईला बसवलं. सेनापती दरबारात गरजले. निवाडा माझ्याकडे आला आणि मी मान ताठ करून तो दिला, "उपरणं म्हणजेच माणूस! त्याला हात लावणं म्हणजे धन्याच्या अंगाला हात लावणं!"

सगळे दरबारी वाहवा म्हणाले. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

पुढच्याच आठवड्यात महाराजांचे वृद्ध गुरू अप्पाशास्त्री बागेत आले. ऐंशी वर्षांचे गुडघे ते किती वेळ उभे राहणार? शेवटी चिखलातच बसले. महाराजांना कळलं आणि त्यांचा पारा चढला. त्यांनी गोजराला दरबारात बोलावलं.

"राखणदार कोण? तू ना? उद्या दुपारी चाळीसच्या चाळीस बाजा मोकळ्या दिसल्या पाहिजेत!"

"दिसतील महाराज. उपरणी उचलते की झालं."

"खबरदार! प्रधानजींचा निवाडा आहे. कापडाला हात लावायचा नाही."

"मग मालकांना सांगते, उचला म्हणून."

"मानकऱ्यांना तू हटकणार? मुळीच नाही!"

"म्हणजे हात लावायचा नाही नि तोंडही उघडायचं नाही. मग फुंकर मारू का, महाराज?"

"ते तुझं तू बघ! जमलं नाही, तर खोपट रिकामं करायचं."

महाराज हट्टाला पेटले, की त्यांना समजवायचं काम प्रधानाचं. मी खाली मान घालून अंगठीचा खडा बघत बसलो.

गोजरानं जरा विचार केला. "एक मागणं आहे. उद्या महाराजांनी स्वतः यावं. भालदार, चोपदार, ललकारी, सगळा थाट घेऊन."

"एवढंच? येतो!"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे मानकरी पाण्यात होतो. मी तर घसरगुंडीत पोटापाशी अडकलो होतो. तेवढ्यात ललकारी घुमली. होतो तिथूनच आम्ही मुजरे केले. माझा अर्धाच झाला.

आणि गोजरानं हंबरडा फोडला, "घात झाला, महाराज! आपण आलात आणि ही मंडळी बसूनच! सेनापती तर पाय पसरून आडवे!"

"कुठे गं?"

"ते काय, त्या हिरव्या काठाच्या उपरण्यात!"

"अगं, ते नुसतं उपरणं आहे."

"नुसतं कसं? उपरणं म्हणजेच माणूस. निवाडा आहे, महाराज!"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "प्रधानजी! राजा आल्यावर बसून राहील त्याला शिक्षा काय?"

ते कलमही मीच लिहिलं होतं. घसरगुंडीतून मी कसाबसा बोललो, "तीन महिने पागेत लीद काढायची, महाराज."

"मग सांगा, बाजेवर आहे तो माणूस, की कापड?"

"कापड, महाराज! निव्वळ कापड! तेही जुनं!"

मग काय विचारता! सेनापती पाण्यातून धावत सुटले. खजिनदार त्यांच्यावर आपटले. ज्यानं त्यानं आपापलं कापड उचलून काखेत मारलं. मला चौघांनी ओढून काढलं. उपरणं उचललं, जोडे उचलले. शेला उचलायला मात्र मला थोडा वेळ लागला. तेवढा वेळ गोजरा पाठ फिरवून उभी राहिली. त्या बाजेवर मी महाराजांबरोबर आलेल्या अप्पाशास्त्रींना हात धरून बसवलं.

गोजरानं कशाला हात लावला नव्हता की कुणाला हटकलं नव्हतं!

पण चाफ्याखालच्या सर्वांत ऐसपैस बाजेवर एक लाल शाल अजून तशीच होती.

"हा कोण उद्धट?" महाराज गरजले. "अजून बसलाय! धरून आणा त्याला!"

शाल आम्ही सगळ्यांनी ओळखली होती. सेनापती आभाळाकडे पाहू लागले. मी जोडे पुसू लागलो.

गोजरानं हात जोडले. "कशी धरू, महाराज? आपल्या हुजऱ्यानं सकाळी ही शाल टाकली, तेव्हापासून महाराज इथेच बसलेत. आता मला अडाणीला एवढंच सांगा, बसलेल्या महाराजांनी आलेल्या महाराजांसाठी उठायचं, की आलेल्यांनी बसलेल्यांना मुजरा करायचा?"

आम्ही सगळे हळूच एकेक पाऊल मागे सरलो.

महाराजांनी शालीकडे पाहिलं, गोजराकडे पाहिलं, आणि असे हसले की चाफ्यावरचे पोपट उडाले! हसतहसतच पुढे झाले आणि स्वतःच्या हातानं शाल उचलून त्यांनी ती गोजराच्या खांद्यावर घातली.

"घ्या, बाई! महाराज उठले! खोपटाच्या जागी तुमच्यासाठी दगडी घर बांधून देतो, हयातभर तुमचं. आणखी काय हवं?"

"झाडायला एक माणूस द्या, महाराज. बाग मोठी आहे."

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. "याला घेऊन जा. निवाडे सोडून बाकी सगळं करील!"