गायरानाचा वकील

ठक्, ठक्, ठक्. गायरानात खुंट ठोकल्याचा तो आवाज फार जुना, पण अजून माझ्या कानात आहे. आमच्या लहानशा संस्थानाचे दिवाण बॅरिस्टर भास्करराव टिपणीस यांना तिथं बंगला बांधायचा होता. गावच्या मेंढ्यांना चरायला दुसरं रान नव्हतं. त्या बिचाऱ्या खुंटांभोवती हुंगत उभ्या राहायच्या.

हेच भास्करराव विलायतेहून कायदा शिकून आले, तेव्हा आमचे वकील होते. शेजारच्या जहागीरदारानं हे गायरान लाटलं, ते त्यांनीच महाराजांपुढं भांडून सोडवलं होतं. त्या नावावर त्यांनी गावोगाव हार घालून घेतले, मतं मागितली, संस्थानाच्या प्रजासभेत निवडून गेले आणि पुढं दिवाण झाले. खुर्ची मिळाली तशी त्यांची मान वळेनाशी झाली. प्रजेची बाजू त्यांनी डगल्यासारखी अंगातून काढून ठेवली.

गाव महाराजांकडे गेलं. दिवाण हसले. कायद्यात मला हरवील असा वकील आणा, खुंट मीच उपटतो, म्हणाले. महाराजांनीही ते मान्य केलं. असा वकील साऱ्या मुलखात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी धुळा नावाची धनगराची लेक एकटीच दरबारात आली.

"वकील कुठे आहे?" महाराजांनी विचारलं.

"हे काय, खुर्चीत बसल्यात. भास्कररावच आमचं वकील."

दिवाण खेकसले, "मी सरकारचा दिवाण आहे, पोरी. तुमची वकिली कधीच सुटली."

"सुटंल कशी, सायेब? कामावरनं काढायचं तर नारळ द्यावा लागतो. गावानं तुमाला अजून नारळ दिल्याला न्हाई."

दरबारात कुणीतरी हसू दाबलं.

धुळा शांतपणे म्हणाली, "आता आमच्या बाजूनं बोला. गायरान गावाचं, असं तुमी याच महाराजांम्होरं सांगितलं व्हतं. ते खरं असंल, तर खुंट उपटा. खोटं असंल, तर महाराजांना फसवलं म्हणून कबूल करा."

भास्कररावांनी जन्मभर शब्द भाड्यानं दिले, पण त्या दिवशी स्वतःसाठी एक सापडेना.

महाराज पोट धरून हसले. गायरान त्यांनी कायमचं गावाच्या नावे केलं आणि हातातलं चांदीचं कडं धुळाला दिलं. मग देवघरातून एक नारळ मागवला.

"गावानं दिला नसेल," ते म्हणाले, "तर दिवाणसाहेब, हा आमच्याकडून घ्या."

भास्कररावांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि ते निघून गेले.