जोडीने उघडणारं दार

एकदा एक वृद्ध वैद्य आपल्या शिष्याला घेऊन दगडखाणीच्या वस्तीवर गेले. वस्तीत जुलाबाची साथ पसरली होती. शिष्य बुद्धीने तल्लख, पण आपल्याला सगळं कळतं याची त्याला जरा जास्तच खात्री. गुरूंनी त्याला वरच्या आळीत पाठवलं आणि स्वतः खालच्या झोपड्यांकडे वळले.

वरच्या आळीत शेवंताचा दोन वर्षांचा भिवा आजारी होता. सकाळपासून त्याच्या अंगातलं पाणी वाहून चाललं होतं. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. रडायला तोंड उघडायचा, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्याची गाडी ओढ्यापलीकडे अडकली होती आणि जुलाबावर देतात त्या मीठ-साखरेच्या पुड्या दुपारीच संपल्या होत्या.

शिष्य डगमगला नाही. पुडीत काय असतं ते त्याला ठाऊक होतं. उकळून गार केलेल्या पाण्यात त्याने मीठ घातलं. साखर मात्र वगळली. ती बिचारी चवीपुरती, असा त्याचा समज. शिवाय गोडाने जुलाब वाढतात हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. चमच्याचमच्याने तो पाणी पाजत राहिला. पोर पीत होतं, आणि प्यालेलं सगळं वाहून जात होतं. दिवस कलला तशी भिवाची मान कलंडू लागली आणि शिष्याची गाळण उडाली.

"दादा, पाणी तर जातंय की प्वाटात," शेवंता म्हणाली. "मग अंगाला का लागंना?"

शिष्य धावत जाऊन गुरूंना घेऊन आला.

वैद्यांनी पाणी चाखलं, शिष्याकडे एकवार पाहिलं आणि सगळं ओतून दिलं. लिटरभर नवं पाणी घेऊन त्यात अर्धा लहान चमचा मीठ टाकलं. मग साखरेचा डबा ओढला आणि त्याच चमच्याने सहा सपाट चमचे साखर घातली.

शेवंताने त्यांचा हात धरला. "बाबा, ग्वाड नगं! आणखी लागंल त्याला."

"गुरुजी, खरंच, साखर कशाला?" शिष्यही म्हणाला.

वैद्यांनी पुन्हा चाखून पाहिलं. "डोळ्यांतल्या पाण्याहून खारट नको," एवढंच पुटपुटले आणि भिवाला मांडीवर घेऊन पाजू लागले. चार-सहा चमचे आत गेल्यावर मग सावकाश बोलले.

"पोटात गेलं म्हणजे शरीरात गेलं, असं तुला वाटलं. आतडं म्हणजे अजून अंगणच, बाबा. घर भिंतीपलीकडे आहे. त्या भिंतीत पेशी असतात, प्रत्येक पेशीला तलम पडदा असतो आणि पडद्याला दारं. ही दारं कुणालाही आत घेत नाहीत. या आजाराने मिठाचा नेहमीचा मार्ग अडवलाय, पण एक दार अजून चालू आहे. तिथे मीठ एकटं गेलं तर प्रवेश नाही, साखर एकटी गेली तरी नाही. सत्यनारायणाला कसं जोडीने बसतात? तसंच. ही जोडी आत गेली की पाणी आपोआप मागून जातं. तू दिवसभर पाणी दारापर्यंत आणलंस आणि जोडी फोडलीस."

"मग गोडाने जुलाब वाढतात, हे ताई म्हणतात ते खोटं?" शिष्याने विचारलं.

"अजिबात नाही. साखर फार झाली की ती अंगणातच साचते आणि घरातलंच पाणी बाहेर ओढते. म्हणून तर माप."

शिष्याने मान खाली घातली. दिवसभर आपण त्या माउलीला धीर देत होतो आणि पोराला रिकामं करत होतो, हे त्याच्या काळजाला लागलं. तो पुढे सरकला आणि त्याने गुरूंच्या हातून चमचा घेतला.

अंधार पडेपर्यंत तो पाजत होता. जुलाब लगेच थांबले नाहीत, पण जीभ ओली झाली, मान सावरली. एकदा चमचा यायला उशीर झाला, तसा भिवा चिडला. त्याने शिष्याच्या हातावर फटका मारला आणि भोकाड पसरलं. गालावरून एक थेंब ओघळला.

शेवंता पदराने तो पुसायला गेली.

"राहू द्या ताई," शिष्य म्हणाला. "रडू द्या त्याला."