खेकड्याच्या गोळ्या

फार जुन्या काळी खाडीकाठच्या वाळूत एक टिटवी अंडी उबवत होती. जवळच खेकड्याने टाकलेल्या वाळूच्या गोळ्या निरखून बगळा म्हणाला, "ही तर अक्षरं. ‘उधाण येणार, किनारा सोडा.’"

पक्षी घाबरून निघाले. पण अंडी सोडली तर पिल्लं जगणार नव्हती. टिटवीने खेकड्यालाच विचारलं.

"बाई, मी वाळू चघळतो नि उरलेली गोळी थुंकतो. मी कुठला लिहिणारा?"

टिटवीने पायाने गोळ्या विस्कटल्या. "बगळेकाका, आता वाचा."

बगळ्याने मान वाकवली. "आता आग लागणार म्हणतंय."

निघालेले पक्षी हसत परत खाली बसले. चौथ्या दिवशी चार पिल्लं बाहेर आली आणि तुरुतुरु पळत बगळेकाकांची सगळी अक्षरं तुडवून गेली.